निपाणी-चिकोडीच्या काळ्या खडकात मॅग्नेटोमीटर घेऊन उतरताना

बाळा, मॅग्नेटोमीटर म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र; ते पाणी दाखवत नाही, हे शेतकऱ्याला आधीच सांग. बिचारा कर्ज काढून बोअर मारतो. यंत्राला कळतो तो बेसाल्टमधल्या (या काळ्या खडकातल्या) मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचा फरक; त्यावरून डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत) किंवा भेगाळलेला पट्टा ओळखता येतो. डाइक अखंड, भेगा नसलेला असला तर पाणी अडवतो, त्याच्या कडेला चढाच्या बाजूने साठा मिळू शकतो.

मोबाइल, पट्ट्याचं बक्कल गाडीतच ठेव. विजेच्या तारा, पत्र्याची शेड, बोअरचा केसिंग पाइप यांपासून लांब राहा. एका जागी परत परत मोजून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा दिवसभराचा चढउतार वजा कर.

आणि आलेखाचं शिखर दिसलं की तिथेच खूण करू नकोस. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकक्षेत्र तिरकं, त्यात दख्खनच्या काही थरांचं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलटं, त्यामुळे शिखर डाइकवरच येईल असं नाही. खूण करण्याआधी विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजच.