नवा क्लब मिळाला अन् खेळ हरवला

"मॅडम, मोठ्या ठिकाणी गेला अन् पोराचं मनच उडालं." दर्यापूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकते. बहुतेकदा विषय कॉलेजचा असतो, या वेळी फुटबॉलचा होता.

गावच्या मैदानावर गोलांचा पाऊस पाडणारा सतरा वर्षांचा पोरगा नागपूरच्या एका क्लबात गेला आणि चार महिन्यांत राखीव खेळाडूंच्या बाकावर बसू लागला. वडिलांचं निदान तयारच होतं. "बूट भेटले, खुराक भेटला. पोट भरलं, भूक मेली." पोराचाही त्यावर विश्वास बसलेला. "हॅझार्डचंबी तसंच झालं ना, मॅडम. रियल माद्रिदले गेला अन् संपला."

बेल्जियमचा फुटबॉलपटू हॅझार्ड 2019 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबातून स्पेनच्या रियल माद्रिदला गेला. चार हंगाम, 76 सामने, 7 गोल. वजन वाढवून आलो होतो, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. पण घोट्याच्या दुखापतींनी त्याला किती वेळा बाहेर बसवलं, ते लोक विसरतात. मी पोराला मेस्सीची आठवण करून दिली. बार्सिलोना क्लबातल्या त्याच्या शेवटच्या हंगामात लीगमध्ये 30 गोल, पॅरिसच्या नव्या क्लबातल्या पहिल्या हंगामात 6. आणि तोच माणूस डिसेंबर 2022 मध्ये अर्जेंटिनासाठी विश्वचषक जिंकतो. भूक मेलेल्याला हे जमेल का?

प्रेरणा हे आत भरून ठेवलेलं तेल आहे, असं मी मानत नाही. ती माणूस आणि त्याच्या भोवतालची माणसं यांच्यामध्ये असते. म्हणून मी मेहनतीवर भाषण देत नाही, बारीकसारीक विचारते.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "बेटा, पेटी रिकामी केली का रे?"

त्यानं मान वर केली. चार महिने तो कपडे पेटीतून काढत होता, धुऊन पुन्हा पेटीतच ठेवत होता. कपाट कोरंच. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "गावात घरच्या नावानं हाक आली की मी न पाहता पास देत होतो. तिथं मले 'ए नऊ नंबर' म्हणतात."

गाठ सापडली होती. हे ओळखायला मला पूर्वी दहा भेटी लागायच्या.

त्याला दोनच कामं दिली: पेटी रिकामी करून पलंगाखाली ढकलायची, आणि खोलीतल्या गोलकीपरला आपलं घरचं नाव सांगून त्याचं विचारायचं. वडिलांना म्हटलं, "भाऊ, फोनवर 'किती गोल मारले' विचारू नका. 'आज कोणासंग जेवला' ते विचारा. अन् सहा महिने तरी त्याला परत आणायचं नाव काढू नका." पहिल्या हंगामावरून पोराला मोजणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी हेच सांगते.

महिनाभरानं वडील एकटेच आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "काल फोन केला तं मागून कोणीतरी त्याले घरच्या नावानं बोलावत होतं. म्या लवकरच फोन ठेवून देल्ला."