पत्रपेटीवरचे नाव

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्लिनच्या विद्यापीठात तुला प्रवेश मिळाल्याचे तुझ्या आईकडून कळले आणि फार आनंद झाला. सामानाविषयीच्या तुझ्या प्रश्नांची उत्तरे मी तिला फोनवर दिली आहेत. कुकर अवश्य आण, तेल सुटणारी लोणची मात्र आणू नकोस. या पत्रात मला लिहायचे आहे ते पहिल्या दोन महिन्यांविषयी, कारण पुढची दोन वर्षे कशी जातील हे पुष्कळसे त्यांवर ठरते.

तिथे सर्वांत आधी लागतो तो पत्ता. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ‘ब्युर्गरआम्ट’ या नागरी कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. कराचा क्रमांक या नोंदणीनंतरच टपालाने घरी येतो. बँक, विमा, राहण्याचा परवाना हे सगळे कुठे ना कुठे याच कागदाशी येऊन थांबते. म्हणून खोली पाहायला जाशील तेव्हा भाड्याच्याही आधी विचार, “या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?” उत्तर टाळले गेले, तर खोली कितीही छान असली तरी ती कायमची म्हणून घेऊ नकोस. नोंदणीची वेळ आपल्याच भागातल्या कार्यालयात मिळायला हवी असे नाही. शहरातले कोणतेही ब्युर्गरआम्ट चालते. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बसलीस, तर कुणी रद्द केलेली वेळ हाती लागू शकते.

मी २०११ साली बर्लिनच्या वेडिंग भागात एका घरात पोटभाडेकरू म्हणून राहत होते. नोंदणी झाली, बँकेत खाते उघडले आणि मी कार्डाची वाट पाहत बसले. तीन आठवडे काहीच आले नाही. माझे पैसे माझ्याच खात्यात होते, पण एका वर्गमैत्रिणीकडून चाळीस युरो उसने घेऊन मी पाव, बटाटे आणि दूध यांवर दिवस काढत होते. शेवटी बँकेत चौकशी केली, तेव्हा कळले की कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक अशी दोन्ही पाकिटे परत गेली होती, कारण पत्रपेटीवर माझे नाव नव्हते. तिथे पोस्टमन केवळ घराचा क्रमांक पाहून पत्र टाकत नाही, पेटीवरचे आडनाव पाहून टाकतो, आणि हे मला सांगायला घरमालक विसरला होता. त्या संध्याकाळी वहीच्या कागदाची पट्टी कापून, त्यावर आडनाव ठळक लिहून, मी ती पारदर्शक चिकटपट्टीने पेटीवर लावली. अशा साध्या गोष्टी तिथल्या लोकांच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या कुणाला सांगाव्यात असे त्यांच्या मनातही येत नाही. त्या आपणच विचाराव्या लागतात. विचारताना संकोच करू नकोस.

खोली शोधताना एक काळजी घे. खोली न दाखवता अनामत रक्कम मागणारा, “मी परदेशात आहे, किल्ली टपालाने पाठवतो” असे सांगणारा माणूस हमखास फसवणूक करणारा असतो, असेच समजून चाल. रिंगबान नावाची लोकल शहराच्या मध्यभागाला तासाभरात पूर्ण वळसा घालते. त्या वर्तुळाच्या आतच राहायचे असा हट्ट मात्र धरू नकोस. सत्राच्या शुल्कातच प्रवासाचे तिकीट मिळते, तेव्हा वीस मिनिटे जास्त लागली तर बिघडत नाही.

पैशांबाबत थोडक्यात लिहिते. ‘श्पेरकोंटो’ म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या, दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरले असले, तरी हाती महिन्याला ९९२च येतात आणि त्यातला मोठा वाटा भाड्यात जातो. पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत बहुधा एकदमच मागितली जाते, म्हणून थोडी रक्कम वेगळी जवळ ठेव. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच पीठ-भाजी आणून ठेवत जा. मायबाखउफरच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तिथे कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या मिळतात.

नोव्हेंबरविषयी मात्र मला सविस्तर लिहायलाच हवे. ऑक्टोबरच्या मध्यावर वर्ग सुरू होतात, सगळे नवे असते, आणि मग दिवस झपाट्याने लहान होऊ लागतो. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ भरून येते, पण दिवस लहान झाल्याची अशी जाणीव कधी होत नाही. तिथे चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंथरुणातून उठावेसे वाटेनासे होते आणि आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. तसे झाले, तर ते घरच्यांपासून लपवू नकोस. जेवढा उजेड असेल तेवढ्या वेळात रोज बाहेर पड. टेम्पलहोफचा जुना विमानतळ आता मोकळे मैदान आहे, तिथल्या धावपट्टीवर चालता येते. विद्यार्थ्यांसाठीच्या ‘श्टुडिरेंडनवेर्क’ या संस्थेत मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला विनामूल्य मिळतो. आपली मराठी मंडळी भेटतील, गणपतीला जेवायला बोलावतील. तिथे जरूर जा. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी जर्मन बोलणाऱ्यांबरोबर काढ, मग वाक्ये मोडकीतोडकी का असेनात. अभ्यास इंग्रजीत असला, तरी डॉक्टर, शेजारी आणि ब्युर्गरआम्टातला कारकून यांच्याशी तुला त्यांच्याच भाषेत बोलावे लागेल.

बर्लिनच्या डालेम भागातून कधी गेलीस, तर एक आठवण ठेव. इरावतीबाई कर्वे १९२८ साली मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला आल्या, त्या डालेममधल्याच संस्थेत. कवट्यांच्या मोजमापातून त्यांनी जे निष्कर्ष काढले, ते वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या त्यांच्या प्राध्यापकांच्या कल्पनेला दुजोरा देणारे नव्हते. घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेत, आपल्याला जे दिसले तेच त्यांनी लिहिले, याचा मला फार अभिमान वाटतो.

मी सध्या स्टुटगार्टला आहे, म्हणजे रेल्वेने पाच-सहा तासांच्या अंतरावर. पत्रपेटीवर नाव लागले की पत्ता कळव. मेतकूट आणि भाजणीचे पुडके बांधून ठेवले आहे, ते लगेच पाठवते.

तुझी,
मावशी