ताप-सर्दी नसते तेव्हा प्रतिकारशक्ती काय करत असते?

तुमचे प्रश्न दोन आहेत: आजार नसताना प्रतिकारशक्ती नुसती बसून असते का, आणि संधिवात असलेल्या मावशींचं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) भरपूर असूनही हिमोग्लोबिन का वाढत नाही. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

बसून ती कधीच नसते. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हातारी झाली की ताठर होते आणि प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) अरुंद फटींतून तिला पार होता येत नाही. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी तिला गिळतात, हिमोग्लोबिन फोडतात आणि त्यातलं लोह सुटं करून रक्तात परत सोडतात. सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी अशा मोडीत निघतात! नव्या पेशी घडवायला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं, आतड्यातून शोषलं जातं जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. बाकी जवळजवळ सगळं या मॅक्रोफेजनी वाचवलेलं. जंतू गिळणाऱ्या पेशीही याच, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं.

जिवाणूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून शरीरात दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि मॅक्रोफेजमधून लोह बाहेर पडणं थांबतं. आतड्यातून येणारं लोहही अडतं. चार दिवसांच्या तापात हे शहाणपणाचंच आहे. मावशींचा आजार रूमॅटॉइड प्रकारचा असेल, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करत असेल, तर दाह महिनोन्‌महिने चालतो. लोह साठ्यात अडकून पडतं आणि नव्या तांबड्या पेशी घडवणारी अस्थिमज्जा उपाशी राहते.

तुम्ही लिहिलंय की त्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली असावी. तसं नाही, या आजारात तिला आवर राहिलेला नसतो. हा आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची या शास्त्रज्ञांना मिळालं. मावशींची प्रतिकारशक्ती आधीच बेलगाम असल्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही त्यांना स्वतःहून देऊ नका, अगदी मनापासून सांगतोय.

दाह आटोक्यात आला की हिमोग्लोबिन बहुधा सुधारतं. मात्र दाहामुळे फेरिटिन उगाच जास्त दिसू शकतं आणि त्याआड लोहाची खरी कमतरताही लपलेली असू शकते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे) आणि सीआरपी (दाह किती आहे) या तपासण्यांबद्दल जरूर विचारा.