गोट्यांना गाळ म्हणू नका

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थिनीचा : 'हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत नद्यांनी आणून टाकलेले गोटे हिमालय कसा उंचावला याचा पुरावा मानतात. आमच्या टिपणांत त्यांना "भरड गाळ" म्हटलंय. बरोबर आहे का?'

नाही. गाळ म्हणजे संथ पाण्यात तळाशी बसतो तो, धरणातला, विहिरीतला. 'गाळाचे खडक' रुळलाय, त्याच्याशी भांडण नाही. पण डोक्याएवढ्या धोंड्याला गाळ? कन्हान नदीच्या घाटावर ट्रकमध्ये भरतात तिला आपण रेती म्हणतो, पुण्याकडे वाळू. तिलासुद्धा कोणी गाळ म्हणत नाही!

खरा शब्द तुमच्या स्वयंपाकघरात डब्यात बसलाय : साखर. संस्कृत शर्करा म्हणजे मुळात खडे, बारीक गोटे. उसाचा रस आटवून खडे पडले, तेही शर्करा. पालीत सक्खरा दोन्ही अर्थांनी येतो. आपली साखर, फारसी शकर, अरबी सुक्कर, सगळी याच खड्यांची लेकरं. पाणिनी 'सिकताशर्कराभ्यां च' (५.२.१०४) म्हणत वाळू नि खड्यांना एका सूत्रात बसवतो. सुश्रुताच्या लेखी मुतखडा फुटून झालेले कण शर्कराच. आणि शतपथब्राह्मण (६.१.३) तर सांगतं, वाळूची शेवटी शर्करा होते, शर्करेचा अश्मा, म्हणजे दगड. गोट्यांचे थर सांधून खडक होतो, हे याहून थोडक्यात कोण सांगणार? त्या खडकाला आमच्या परिभाषाकारांनी नाव दिलं 'पिंडाश्म'. पिंड! जणू श्राद्धालाच बसलोय. 'शर्कराश्म' हाताशी असताना ही बुद्धी का व्हावी? मधुमेहाशी घोळ होईल म्हणे. होऊ द्या.

हां, पुराव्याचं राहिलंच. शिवालिकात खाली बारीक मातीचे नि वाळूचे थर, सगळ्यात वर गोटे. पर्वताची कड जवळ सरकली, उतार वाढला, की नदीला मोठे दगड ओढता येतात. गोटा कुठल्या खडकाचा आहे त्यावरून वर तेव्हा काय उघडं पडलं होतं तेही कळतं. मात्र गोटे दिसले की पर्वत उठला, इतकं सरळ नाही. गेल्या २५-३० लाख वर्षांत हवामान थंड आणि लहरी झालं, झीज त्यानंच वाढली, असं म्हणणारा एक पक्ष आहे, आणि तो हलका नाही.

तोवर कामठीचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक, बघून या. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, हिमालयाच्या कितीतरी आधीचा. त्यातही मधूनच गुळगुळीत गोट्यांचे थर लागतात. त्यांवरून बोट फिरवा आणि मग गाळ म्हणून दाखवा.