किल्ट भाड्याने की शिवून? एडिंबराच्या वाचकाला उत्तर

एडिंबरात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. चार वर्षं झाली तिथे, मे महिन्यात जवळच्या स्कॉटिश मित्राचं लग्न आहे आणि या वाचकाला स्वतःसाठी हाताने शिवलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, करून घ्यायचाय, कारण गेल्या दोन वर्षांत लग्नं, बर्न्स सपर (कवी बर्न्सच्या आठवणीतलं जेवण), थर्टी फर्स्टचा ‘केली’ (स्कॉटिश नाचगाण्याचा कार्यक्रम) असं मिळून पाच वेळा किल्ट भाड्याने घेतला, दर वेळी १२० पाउंड. कारागिराने नुसत्या किल्टचे ७८० सांगितलेत, जॅकेट, स्पोरन (कमरेला पुढे बांधायची पिशवी), बूट, मोजे सगळं नवीन घेतलं तर १,४४०, आणि दुकानवाला बिनव्याजी बारा हप्ते करून देतोय. शिल्लक ७ हजार, महिन्याला ५०० बाजूला पडतात, घरखर्च २,३५०. मिसेस म्हणतात एवढे पैसे एका कपड्यात घालायचे का.

दादा, आधी हे सांगते की मला तुमची इच्छा अजिबात वायफळ वाटत नाही. ८ वार लोकरी कापड, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, त्याच्या पंचवीस-तीस निऱ्या, प्रत्येक निरी कमरेपासून नितंबापर्यंत निमुळती करत हाताने शिवलेली, आणि तरी मागून बघितलं तर टार्टनचा चौकडा कुठेही तुटलेला दिसत नाही. ही मजुरी आहे, आणि मजुरीचे पैसे द्यायलाच हवेत. असा किल्ट सांभाळला तर वीस-वीस वर्षं चालतो.

पण तुमच्या मेलमध्ये एक वाक्य सहज येऊन गेलंय, "पुढच्या जूनमध्ये आमची पाच वर्षं पूर्ण होतील". तुम्ही ते ओझरतं लिहिलंत, माझा हिशोब मात्र तिथूनच सुरू होतो. तेव्हा तुम्ही आयएलआरसाठी, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करणार असाल; त्याची फी २०२५ मध्ये माणशी ३ हजारांच्या थोडी वर होती, दोघांचे धरा ६,२००. म्हणजे ते ७ हजार तुमची शिल्लक नाहीच, ते व्हिसाचे पैसे आहेत, फक्त अजून भरायचेत. आत्ता सप्टेंबर, जूनपर्यंत नऊ महिन्यांत अजून ४,५०० जमतील, फी भरून हातात उरतील ५,३००. तुमचा तीन महिन्यांचा खर्च होतो ७,०५०, आणि परदेशात, नोकरीवर व्हिसा असताना, तेवढं तरी हाताशी असावं असं मी प्रत्येकाला सांगते.

मग नको का घेऊ? घ्या, पण नुसता किल्ट घ्या. जॅकेट, स्पोरन, बूट हे भाड्याने देणारी दुकानंच वापरलेला माल स्वस्तात काढतात, तिथे आणि चॅरिटी शॉपमध्ये शोधा, २५० पाउंडांत बसवायचा प्रयत्न करा. एकूण १,०३०. तुमचं भाडं वर्षाला सरासरी ३०० जातंय, म्हणजे साधारण साडेतीन वर्षांत पैसे वसूल. सगळं कोरं घेतलंत तर जवळपास पाच वर्षं लागतात. जूननंतर तुमच्याकडे ४,२७० राहतील, म्हणजे पावणेदोन महिन्यांचा खर्च, हे कमीच आहे पण सहा महिन्यांत भरून निघेल. त्या सहा महिन्यांत भारताचं तिकीट काढायचं नाही, एवढी अट मात्र पाळायला लागेल, आणि ती मिसेसना आधी विचारा.

हप्त्यांबद्दल, बिनव्याजी आहेत हे खरं, पण महिना १२० म्हटलं की १,४४० डोळ्यांना दिसत नाहीत आणि माणूस ७८० ची वस्तू घ्यायला जाऊन पूर्ण सेट घेऊन येतो. त्यापेक्षा अ‍ॅडव्हान्स क्रेडिट कार्डावर भरा आणि त्याच महिन्यात बिल पूर्ण फेडा. कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ च्या कलम ७५ प्रमाणे १०० पाउंडांच्या वर आणि ३० हजारांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार असते, थोडीच रक्कम कार्डाने भरलेली असली तरी. मात्र एक लक्षात ठेवा, ऑनलाइन खरेदीला जी १४ दिवसांत परत करायची मुभा असते ती मापाने शिवून घेतलेल्या वस्तूला मिळत नाही. नंतर मन बदललं म्हणून परत देता येणार नाही.

म्हणून माप हाच यातला सगळ्यात महाग भाग. किल्ट पॅंटच्या कमरेवर नाही, बेंबीच्या उंचीला बसतो, तेव्हा जीन्सचा नंबर सांगू नका, प्रत्यक्ष जाऊन माप द्या. आणि खाली दुमड नसते हो! कापडाचा मूळ काठच खालची कड असतो, त्यामुळे लांबी चुकली तर साडीला फॉल लावतो तसं काही करून भागत नाही. कमर थोडी वाढली तर बक्कल सरकवून इंच-दोन इंच मिळतात, त्यापुढे निऱ्याच उसवाव्या लागतात. गेल्या वर्षभरात वजन वाढतंय-कमी होतंय असं असेल तर आधी ते स्थिर होऊ द्या. टार्टन कारागिराकडे असलेल्या ठाणातलं निवडा, ब्लॅक वॉच नावाचा टार्टन कोणीही घालू शकतं, खास विणून घ्यायला गेलात की आकडा उडतो.

ऑर्डर नोव्हेंबरच्या पगारावर द्या. तीन महिने धरले तर फेब्रुवारी अखेर हातात येईल आणि घडी मोडायला दोन महिने मिळतील, ते लागतातच. १६ औंसांचं कापड घेतलंत तर किल्ट पावणेदोन-दोन किलोचा होतो, सुरुवातीला पुठ्ठ्यासारखा वाटतो, पट्ट्यांचं चामडंही कडक असतं. निऱ्यांवरचा कच्चा धावदोरा काढा आणि घरीच संध्याकाळी दोन-दोन तास घालून वावरा, जिने चढा, बसताना मागून हात फिरवून निऱ्या सारख्या करून मग टेका, बायका साडीत करतात तसंच. काढल्यावर रात्रभर हवेशीर टांगा, लगेच दुसऱ्या दिवशी घालू नका, धुऊ तर नकाच, ओलं फडकं ठेवून इस्त्री पुरते. लोकरीला कसर लागते, तेव्हा कपाटात लव्हेंडर नाहीतर देवदाराचे तुकडे ठेवा.

माझ्या आजीची एक पैठणी होती, चांगल्या दिवसासाठी म्हणून पेटीतच राहिली, चाळीस वर्षांनी उघडली तर घडीघडीवर चिरलेली, हातात घेतली की पदर सुटत होता. म्हणून शेवटचा प्रश्न तुम्हाला विचारते आणि उत्तर मला नाही, मिसेसना द्या. मेचं लग्न झाल्यावर पुढच्या वर्षभरात तो कुठे-कुठे घालणार? तीन ठिकाणं चटकन सांगता आली तर नोव्हेंबरमध्ये माप द्यायला जा. नाही सुचली तर या लग्नाला अजून एकदा १२० भरा आणि ऑर्डर आयएलआर हातात पडल्यावर.