बागकाम : प्रश्न तुमचे, उत्तर आमचे

प्रश्न : अंगणातल्या आठ वर्षांच्या आंब्याच्या नव्या पानांवर पावसाळ्यात काळपट-तपकिरी ठिपके पडतात, शेंडे वाळतात. काय करावे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : हा करपा, म्हणजे बुरशीचा रोग आहे. मे महिन्यात पानांच्या कडा वाळतात तो उन्हाचा चटका. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. करप्याचे ठिपके ओलाव्यात वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि पानाला भोक पडते.

वाळलेले शेंडे खालचा दोन-तीन इंच हिरवा भाग घेऊन कापा. गळलेली पाने गोळा करून जाळा. बुरशी त्यांतच टिकते, हे काम टाळू नका.

मग एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक. 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये भिजवून गाळा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडी नकोत. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता, ढवळत राहा. स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे उरले आहे, ते पाने जाळते. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

उघडीप बघून सकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. हातमोजे, मास्क घाला. कोवळ्या तांबूस पालवीवर मात्र बोर्डो नको. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी करा.

आपल्याकडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून बुंध्यापासून बाहेर उतार द्या. दाट फांद्या विरळ केल्यास पाने लवकर सुकतात.