लिनक्स नव्याने टाकलं तरी हँग होतंच!

प्रश्न : सर नमस्कार, माझा कोल्हापूर जिल्ह्यात डीटीपीचा छोटा धंदा आहे, लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं वगैरे. असेंबल केलेला पीसी आहे, त्यावर लिनक्स मिंट, तीन वर्षं काही त्रास नव्हता. दिवाळीत ८ जीबीची आणखी एक रॅम लावून १६ केली, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग, चालू केलं, महिनाभर मस्त पळत होतं. आता कधी फायरफॉक्सचा टॅब मरतो, कधी डिझाइनचं इंकस्केप गपकन बंद होतं, कधी आख्खी स्क्रीनच गोठते, माउससुद्धा हलत नाही. दोनदा फॉरमॅट मारला, दुसऱ्या वेळी तर इन्स्टॉलच अर्ध्यात एरर देऊन थांबलं. दुकानवाला म्हणतो लिनक्स काढा, विंडोज टाका. सीझन तोंडावर आलाय, काय करू?

उत्तर : विंडोज टाकायचं तर टाका, तुमची मर्जी, पण तेही रडणार. कारण रोज वेगळा प्रोग्रॅम पडतोय. बग फायरफॉक्समध्ये असता तर फायरफॉक्सच पडलं असतं, इंकस्केपने काय घोडं मारलंय? आणि कोरं इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं म्हणजे जुन्या सेटिंगचा संबंधच संपला. माझा पहिला संशय दिवाळीच्या रॅमवर. महिनाभर चाललं म्हणून ती निर्दोष ठरत नाही, काही स्टिक (रॅमच्या पट्ट्या) सुरुवातीला नीट चालतात आणि मग घोळ घालतात, शिवाय खराब भाग एखाद्या कोपऱ्यात असतो, तिथे नेमकं काय जाऊन बसतंय त्यावर त्या दिवशी कोण मरणार ते ठरतं.

आधी फुकटातली गोष्ट. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. डीडीआर४ रॅमचं ठरलेलं व्होल्टेज १.२, एक्सएमपी लावलं की बहुतेक वेळा ते १.३५ होतं आणि वेगही वाढतो, म्हणजे एका अर्थी ते ओव्हरक्लॉकिंगच. त्यात दोन वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र पळवायच्या म्हणजे बैलगाडीला एक बैल आणि एक रेडा. वेग थोडा कमी होईल, पण पत्रिकेवरचा गणपती दोन सेकंद उशिरा उघडला तर कोण विचारतंय.

मग मेमटेस्ट८६ प्लस, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम. याची आवृत्ती ६ किंवा पुढचीच घ्या, जुनी ५ ची यूईएफआयवर (बायोसचा नवा अवतार) चालायची नाही आणि लोक उगाच वैतागायचे. पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा, रात्री दुकान बंद करताना लावून जा. दहा मिनिटं बघून “एरर नाही, बरंय” म्हणून बंद करू नका, निदान तीनचार पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होऊ देत. इन्व्हर्टरवर ठेवा, नाहीतर मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. सकाळी एररच्या ओळी दिसल्या, अगदी एक जरी दिसली, तरी विषय संपला. मग एक स्टिक काढून दुसरी एकटी तपासा, नंतर उलट. दोन्ही एकेकट्या पास आणि एकत्र फेल, असंही होतं, तेव्हा स्लॉट बदलून बघा. स्टिक काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पट्टीवरनं साधा पांढरा खोडरबर फिरवा, कण फुंकून टाका, परत घट्ट बसवा, दोन्ही बाजूंचा टक् असा आवाज आला पाहिजे. हसू नका, मी स्वतः एक पीसी एवढ्यावर बरा केलाय आणि त्याआधी दोन दिवस ड्रायव्हरला शिव्या देत बसलो होतो.

मेमटेस्ट स्वच्छ निघाली तर पुढचा शोध लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत. पुढच्या वेळी स्क्रीन गोठली की लगेच बटण दाबून बंद करू नका, आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे, बहुतेक ग्राफिक्स अडकलंय, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळी स्क्रीन येते का बघा. दिवा ढिम्म असेल तर आतपर्यंत सगळं गोठलंय. परत चालू केल्यावर टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल, स्पेस, मायनस बी, स्पेस, मायनस एक असं टाका (इथे उच्चार छापलाय, टाइप इंग्रजीतच करा), मागच्या बूटचा लॉग येतो, थेट शेवटाला जाऊन बघा. “आउट ऑफ मेमरी” असेल तर मेमरी संपलीय, “मशीन चेक” असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड काहीतरी बोलतंय, आणि काहीच नसेल, लॉग वाक्य अर्धवट टाकून थांबलाय, तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि तापमान बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला हं, सगळं एकदम बदललंत तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

रॅमच खराब निघाली तर ती बदलल्यावरही मिंट पुन्हा एकदा कोरं टाका, आताचं इन्स्टॉल त्याच खराब रॅममधून लिहिलं गेलंय. आणि या दीडदोन महिन्यांत सेव्ह केलेल्या पत्रिका एकेक उघडून बघा. बॅकअपही तपासा, कारण बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही बिघडलेलीच जाते.

प्रश्न : माझ्या उबुंटूवर दर थोड्या वेळाने सगळं अर्धा मिनिट थांबतं, मग आपोआप सुरू होतं. हार्ड डिस्क गेली का? (नाशिक)

उत्तर : लगेच रडू नका, पण बॅकअप आजच घ्या. स्मार्टमॉनटूल्स टाकून डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा. क्रमांक ५, म्हणजे रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग), वाढत असेल तर डिस्क बदला. तो शून्य आहे आणि १९९ चा सीआरसी एरर काउंट (डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) मोठा आहे, तर आधी डिस्क बोर्डला जोडणारी साटा केबल बदला. हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलूनही तो तसाच दिसला म्हणून घाबरू नका. आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का तेवढंच बघा.